दाराला कडुलिंब

काकासाहेबांना हृदयाचा झटका आला, त्याला आता तीन आठवडे होत आले होते. नगरच्या दवाखान्यातून घरी सोडताना एकच बजावलं होतं, अंथरूण सोडायचं नाही. पण भेटायला कुणी आलं की हे उठणार आणि पाहुण्याला पार फाटकापर्यंत घालवून येणार. "झोपून कुनी निरोप देतं व्हय?" बनुबाईंनी अबोला धरला, चहाची पत्ती दडवली. नवरा ऐकेल तर शपथ!

मग एकाएकी काकासाहेबांना ताप भरला. शेजारच्या वस्तीवर देवी आल्याची कुजबुज होतीच. बनुबाईंनी कुणाला न विचारता कडुलिंबाचा डहाळा दाराला बांधला. तो बघून येणारेजाणारे रस्त्यावरूनच हात जोडून माघारी फिरू लागले.

दुपारी श्वासागणिक छातीत सुरी फिरायला लागली. दुसरा झटका! बनुबाईंनी डॉक्टरांना निरोप धाडला. फटफटीवरून डॉक्टर फक्रुद्दीन आले, नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"पुढं वाकून बसलं की बरं वाटतं?"

"व्हय."

"मग झटका नाही हा. आत नव्या वहाणा कुरकुरल्यागत आवाज येतोय. काळजावरच्या पिशवीला सूज आलीय."

"आन् ताप? देवी न्हाई?" बनुबाईंनी विचारलं.

"देवी नाही, बाई. झटक्यात काळजाचा एक तुकडा मेला. तो निपटायला रक्तातले राखणदार धावले. आता राखणीचं कुत्रं बिथरलंय, घरच्यालाच चावतंय. गोळ्यांनी शांत होईल. पण आतली जखम ओली आहे. हे पडून राहिले तरच भरेल."

डॉक्टर गेले. देवीच्या नावानं उगाच कडुलिंब नको, म्हणून बनुबाई तो सोडायला दारात आल्या. रस्त्यावर भेटायला आलेले श्रीमंतभावजी उभे.

"वहिनी, देवी उतरली का?"

"कोन, श्रीमंत हाय का?" आतून आवाज आला. बनुबाईंनी वळून पाहिलं. काकासाहेबांनी घोंगडी बाजूला सारून एक पाय खाली टाकला होता.

आजवर देवीच्या नावानं त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"न्हाई भावजी," त्या म्हणाल्या, "अजून घरातच हाय. तुमी तिकडूनच जा."

आत येऊन त्यांनी नवऱ्याचा पाय उचलून अंथरुणावर ठेवला.

"गेला?" काकासाहेबांचं तोंड उतरलं. "बिनचहाचा?"

"बिनचहाचा," बनुबाई म्हणाल्या आणि त्यांच्या अंगावर घोंगडी नीट घालून पायथ्याशी बसल्या.