काशीच्या बोटाला बांधलेला दोरा

मी एक जुनी भक्षक पेशी आहे. माझा मुक्काम काशीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत, कातडीच्या आतल्या बाजूला. काशी मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडते. माझा जन्म हाडाच्या मगजातला. रक्तातून वाहत मी या बोटात आले आणि इथेच राहिले. मित्रांनो, मी स्वभावाने गोड नाही. आत घुसलेला जिवाणू गिळायचा आणि पोटात विरघळवायचा, एवढेच मला येते. शाबासकी कधी मिळाली नाही. काशीला मी आहे हेच ठाऊक नाही.

त्या सकाळी शिंगाळा माशाचा काटा तिच्या बोटात खोल रुतला. त्याच्याबरोबर समुद्रातले जिवाणू आत आले. मी कुणाचे नावगाव विचारत बसत नाही. त्यांच्या अंगावर साखर आणि चरबीचा एक लेप असतो, तसा माणसाच्या कुठल्याच पेशीवर नसतो. तो लेप लागला आणि माझे डोके फिरले. पाच-सात मेल्यांना मी जागच्या जागी गिळले. पण ते शेकडो होते आणि बघता बघता एकाचे दोन होत होते. मग मी हाक दिली. आमची हाक रसायनांची असते. ती पोचली की शिरा रुंदावतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात.

कुणीही आले नाही.

काशीने जाळे विणायचा दोरा बोटाच्या मुळाशी करकचून बांधला होता आणि बोट बर्फात खुपसले होते. शेजारच्या सोनूबाईने विचारले, "दुकताय काय गो?"

"आता नाय. दोरा बांधलाय. वीष वर चडायचा नाय," काशी म्हणाली.

माझी माणसे दोऱ्यापलीकडे अडकली होती आणि इथे बोट सडायला लागले होते. जिवाणूंचा मला राग होताच. त्या घटकेला काशीचा त्याहून जास्त आला. मी गिळत राहिले. माझ्या शेजारणी एकेक करून मेल्या.

दुपारी काशीची मुलगी श्रद्धा डबा घेऊन आली आणि बोट बघून जागीच थबकली.

"आये, बोट निळा पडलाय. सोड तो दोरा."

"सोडला तर मरेन मी."

 श्रद्धाने कात्री घेतली आणि दोरा कापला.

रक्त उसळून आले. त्यातल्या काही प्रथिनांनी जिवाणूंच्या अंगाला चिकटून त्यांना धरायला सोपे केले, आणि पांढऱ्या पेशी तुटून पडल्या. बोट लाल झाले, तापले, टरारून सुजले. काशी कळवळली. "बगितलास? सोडलास नि सुजला!" ती दुसरा दोरा शोधू लागली. अगो बाये, ती सूज आमची होती.

श्रद्धाने तिला हाताला धरून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "दोरा रात्रीपर्यंत राहिला असता तर बोट कापावं लागलं असतं." त्यांनी औषध सुरू केले. दोन दिवसांनी बोटाला चीर देऊन पू काढला.

"शी, काय ती घाण," काशी तोंड फिरवून म्हणाली.

ती घाण म्हणजे माझी माणसे होती. धावत आली, गिळता गिळता मेली आणि कापसाबरोबर कचऱ्याच्या टोपलीत गेली. उरलेली प्रेते मी साफ केली. काशी बंदरावर सगळ्यांना सांगते, "औषधान वाचवलान मला." औषधाने वाचवले हे खरेच. पण औषध यायच्या आधी कोण लढत होते, ते कुणी विचारत नाही.

परवा सोनूबाईला काटा लागला. तिने दोरा मागितला. काशीने आपल्या टोपलीतली दोऱ्याची गुंडी उचलली, क्षणभर हातात धरली आणि लांब फेकली. "दोरा नको. साबनान धू नि दवाखान्यात चल."

मित्रांनो, आमचे कौतुक करू नका, त्याची सवय नाही आम्हाला. जखम धुवा, डॉक्टरांना दाखवा, आणि आमची वाट तेवढी बांधू नका. तुम्ही दोरा शोधत असता, तेव्हा आम्ही निघालेलो असतो.