माइक बंद करून

गॅरेजवाल्याने ग्रीसच्या बोटाने लॅपटॉपवर माइकचं बटण दाबलं आणि हातातला पाना टेबलावर आपटला. पडद्यावरच्या समुपदेशक बाईंनी पुन्हा तेच विचारलं होतं, लहानपण कसं गेलं म्हणून. चांगलं गेलं, चांगलं गेलं, किती वेळा सांगायचं या बाईला?

डोकं फिरलं की माइक बंद करायचा, पोटभर बडबडायचं आणि मग सभ्य माणसासारखं "हं, बोला" म्हणायचं, ही त्याचीच युक्ती. बाई नुसत्या थांबून राहत, कधी काही विचारत नसत. बायकोने निर्वाणीचं सांगितलं नसतं, तर तो या फंदात पडलाच नसता. त्याने भरलं ताट भिंतीवर फेकलं आणि पोर टेबलाखाली लपली, त्या दिवशी ती म्हणाली होती, स्वतःवर इलाज करून घे, नाहीतर मी पोरीला घेऊन चालले.

आज शटर ओढलेलं होतं, त्यामुळे आवाजाला धरबंध नव्हता.

"मी रागीट! आणि माझा बाप कोण? पट्ट्याने माझी पाठ सोलायचा, तो आज माझ्या पोरीचा घोडा होतो. आख्खं घर म्हणतं, आजोबा किती प्रेमळ. बायको त्याला गरमागरम वाढते. सांगू कुणाला? कोण विश्वास ठेवेल?"

त्याने तोंड पुसलं, पुन्हा बटण दाबलं आणि म्हणाला, "हं, बोला."

"तुमचा माइक आत्ता बंद झाला," बाई म्हणाल्या. "मघाशी बटण नीट दाबलं गेलं नाही, तो चालूच राहिला होता. मी सगळं ऐकलं."

त्याची कानशिलं तापली. तो तडकून बोलत सुटला, तर बाईंनी नुसतं कानाकडे बोट दाखवलं. चरफडत त्याने माइक सुरू केला.

"तुम्ही गप्प राहिल्या असतात तर मला पत्ताही लागला नसता," तो म्हणाला.

"हो. पण मग मी दर वेळी तुम्हाला फसवत राहिले असते."

"बायकोला सांगणार?"

"नाही. ते सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा."

लॅपटॉप धाडकन मिटावा म्हणून त्याने हात घातला. तो तसाच झाकणावर राहिला.

"कुठवर ऐकलंत?"

"कोण विश्वास ठेवेल, इथवर."

"पुढचं ऐका मग," तो खेकसला. "दाराआड खिळ्याला असायचा पट्टा. बाप तिकडे वळला रे वळला, की मी टेबलाखाली..."

त्याची जीभ तिथेच अडली. बाई थांबून राहिल्या. माइक चालूच होता.