दोन वेढे

अमरने रंधा थांबवला, पात्यात अडकलेला भुसा फुंकून काढला आणि मान वर न करता म्हणाला,

“उद्या दोरावर मी बसतो.”

हेमराज शेडच्या दाराशी उभा राहून खर्रा घोटत होता. तळहातांमध्ये फिरणारी तंबाखू-सुपारीची पन्नी जागच्या जागी थांबली.

“कोणत्या दोरावर?”

“शाळेच्या शिरसाच्या झाडावर. विक्की तं गेला तेलंगणात. तुह्याजवळ माणूस नाई. मी आहो ना.”

हेमराज हसला.

ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेमराजचं पत्र्याचं शेड होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘धोक्याची झाडे उतरवून मिळतील. जुन्या लाकडाचे फर्निचर.’ घरावर कललेलं किंवा तारांत घुसलेलं झाड बुडातून पाडता येत नाही. वर चढून शेंड्यापासून एकेक फांदी कापत खाली यावं लागतं. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, आणि खालचा माणूस तो बुंध्याभोवती दोन वेढे देऊन धरून बसतो. करवत लावण्याआधी वरचा विचारतो, “वेढे घेतले का?” खालचा म्हणतो, “घेतले.” तेवढ्या शब्दावर वरचा माणूस फांदीवरचा पाय उचलतो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर अमर असायचा आणि खाली हेमराज. अमर माकडालाही लाजवील असा चढायचा. मग एका गावात तो चिंचेवरून तीस फूट खाली आला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. हेमराजने ती चिंच सोडली नाही. तिचा बुंधा ट्रॅक्टरवर घालून शेडमध्ये आणला, आणि अमर दवाखान्यातून घरी आल्यावर त्याच लाकडाचा बाक त्याच्याकडून करवून घेतला. अमरच्या हाताचं ते पहिलं फर्निचर. गिऱ्हाईक अजून त्यावरच बसतं. पडलेल्या माणसाला हेमराजने वाऱ्यावर सोडलं नाही, म्हणून लोकांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं.

खरं कौतुक होतं ते त्याच्या तळहातांचं. अमर पडला तेव्हा दोराने हेमराजचे दोन्ही हात सोलून काढले होते. रक्ताने भरलेले ते हात गावाने पाहिले आणि ठरवून टाकलं की चामडी गेली, पण या माणसाने दोर सोडला नाही. हे हेमराजने आपल्या तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं. लोकच म्हणाले. त्याने फक्त नाही म्हटलं नाही. पुढे गणपतीत मंडळाने त्याला शाल-श्रीफळ दिलं, आणि त्यानंतर मात्र तो स्वतःच सांगू लागला. कुणी नवं गिऱ्हाईक आलं की हाक मारायचा, “अमर, सांग बे यायले.” रंधा बाजूला ठेवून अमर सांगायचा, “या माणसामुळं जिता आहो मी.” हेमराज हात पुढे करून दाखवायचा.

चिंचेखाली काय झालं होतं ते हेमराजला एकट्याला ठाऊक होतं. तेव्हाही तो खर्राच घोटत होता. खर्रा घोटायला दोन्ही हात लागतात. दोर पायाखाली दाबलेला होता. वरून अमरने विचारलं, आणि हा “घेतले” म्हणाला. नुसतं म्हणाला.

जो एक दिवस दोर धरतो, त्याला हे कळायला वेळ लागत नाही. दोन वेढे असले की भार झाड घेतं. हाताला ओरखडाही येत नाही. सोललेला तळहात म्हणजे दोर बुंध्याला गुंडाळलेलाच नव्हता, सुटल्यावर नुसत्या हातांनी पकडला होता. अमरनंतर हेमराज स्वतः वर चढू लागला होता, आणि खाली दोर धरणाऱ्या विक्कीला ते पहिल्या आठवड्यातच कळलं असावं, कारण तो या हातांकडे एकदा नको तितका वेळ बघत राहिला होता. तेव्हापासून हेमराज त्याला खर्रा फुकट देत होता. अमरने मात्र जन्मात कधी दोर धरला नव्हता. तो कायम वर असायचा. आता तो खाली बसायचं म्हणत होता.

“तुह्यानं नाई होत ते,” तो म्हणाला.

“काऊन? हात तं आहेत माहे. मले बुंध्याले बांधून टाक.”

“झटका बसला तं दोरासंग घसटत जाशीन.”

“बांधला असल्यावर कसा जाईन?”

तेवढ्यात अमरची बायको रश्मी जेवणाचा डबा घेऊन आली. तिने डबा नवऱ्याजवळ ठेवला आणि पदर सावरत भिंतीपाशी उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती. चुलीवर भाजलं असेल, असं हेमराजला वाटलं.

“घ्या ना भाऊ यायले,” ती म्हणाली. “दिवसभर इथी बसून यायचा जीव आंबून जाते. झाडाखाली तरी बसतीन.”

हेमराजला तिचा राग आला. दोघं ठरवून आले आहेत, हे उघड दिसत होतं. अशा वेळी माणसाची जीभ दुखऱ्या जागेवरच जाते.

“बाई, तू पाहून राह्यली ना याले?” तो म्हणाला. “कमरेखाली लाकूड झालं आहे याचं. मुतासाठी दुसऱ्याले हाक मारते, अन् माहा जीव याच्या हाती देऊ? मले बी तीन लेकरं आहेत.”

रश्मीने खाली पाहिलं. अमरने रंध्याच्या पात्यावर बोट फिरवलं. हेमराजला जोर चढला. त्याने पन्नी खिशात कोंबली, चिमूटभर खर्रा दाढेत धरला आणि दोन्ही तळहात अमरच्या नाकासमोर नेले.

“हे पाह्य. दोन वेढे घेतले होते म्या त्या दिवशी. दोन वेढे असून ही गत झाली. माह्यासारख्या धडधाकट माणसाची. तुही काय होईल?”

अमरने ते हात नीट पाहिले. दोन वर्षांत शंभर वेळा पाहिले असतील, पण आज तो पहिल्यांदाच पाहावेत तसे पाहत होता.

“दोन होते?” त्याने विचारलं.

“दोन.”

“आठवते तुले?”

“आठवते म्हणजे? या हातानं घेतले म्या.”

अमरने बायकोकडे मान वळवली. रश्मी भिंतीपासून हलली नाही. बोलली ती सावकाश, भाजीचा भाव सांगावा तशी.

“घरामागच्या निंबाले दोर लावला यायनं. पंधरा रोज झाले. पोत्यात रेती भरली, यायच्या वजनाची. भाऊ काही आपल्याले सहजासहजी दोरावर घेत नाई, शिकून तं ठेवू, असं म्हणत होते. दोन वेढे देले अन् दोर माह्या हाती देला. म्या डाव्या हातानं धरला अन् उजव्या हातानं चुलीवरची भाजी हालवत होती. पोतं जाग्यावरून हाललं नाई.”

हेमराजने हात मागे घेतले.

“मंग काल हे म्हणाले, आता वेढे काढून धर.”

चिंधी बांधलेला हात तिने पदराखाली घेतला. हेमराजने नकळत तोंडातला खर्रा गिळला. तो चिंचेच्या बाकावर टेकला. लाज वाटावी असा तो क्षण होता, पण त्याला वाटली ती भीती.

“कोणाले सांगितलं?” त्याने विचारलं.

“कोणालेच नाई,” अमर म्हणाला.

“सांगशीन?”

“कायले? गाव मानते तुले. मानू दे.”

“मंग तुले पाह्यजे काय?”

“सांगितलं ना. दोरावर बसतो.” अमरने डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. “शाळेच्या श्रीहरी गुरुजीले फोन केला म्या सकाळी. लई खूश झाले. दोन मित्रायची जोडी पुन्हा झाडावर, म्हणे. पेपरवाल्याले बोलावून राह्यले ते.”

“मी दुसरा माणूस आणतो.”

“आण. पण गुरुजीले मंग तूच सांगजो, काऊन आणला ते.”

रस्त्याने वडशाची बस गेली आणि पत्रे थरथरले. शाळेच्या छपरावर कललेला तो शिरस हेमराजने सकाळीच पाहून ठेवला होता. चाळीस फूट होता. खाली फरशी होती.

“अमर,” तो म्हणाला, “तू मले पाडशीन.”

“पाडून माह्या घरची चूल पेटते का? तू मेला तं हे शेड कोण चालवंल?” अमर खरोखर आश्चर्याने बोलत होता. “मी नाई पाडत. वर गेला की विचारजो, वेढे घेतले का म्हणून. मी म्हणीन घेतले. म्या मानलं होतं तसंच तूही मानजो.”

“अन् परवा?”

“परवाही. विक्की काही वापस येत नाई. आता रोज मीच आहो.”

त्याने रंधा उचलला आणि फळीवर ठेवला. कामाचं बोलणं संपलं की तो असाच रंध्याकडे वळायचा. रश्मी दारापर्यंत गेली, तिथून परत फिरली.

“भाऊ, वजन किती आहे तुमचं?”

“कायले?” हेमराजने विचारलं.

“पोतं यायच्या वजनाचं भरलं आहे,” ती म्हणाली. “आज संध्याकाळी तुमच्या वजनाचं भरून ठेवावं लागंल. यायचा हात बसला पाह्यजे ना.”

“बहात्तर,” हेमराज म्हणाला. त्याने खरं वजन सांगितलं होतं.