सात आठवडे जुनी यादी

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईचा घटस्फोट झाला तेव्हा भांडी वाटून झाली, कपाटं वाटून झाली. सासऱ्यांची यादी मात्र तिच्याकडेच राहिली. नवऱ्याने ती मागितली नाही, आणि तिनेही त्याच्या गळ्यात घातली नाही.

सासरे पस्तीस वर्षं लिफ्ट तपासायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी धावपट्टीच्या टोकाशी घर घेतलं, ते केवळ विमानांसाठी. मागच्या अंगणात पत्र्याखाली एक खुर्ची, दुर्बीण, वीतभर अँटेना आणि जुना लॅपटॉप. प्रत्येक विमान जाता जाता आपला क्रमांक हवेत सोडत असतं, अँटेना तो पकडतो. पण नुसत्या क्रमांकाचं काय करायचं? तो कुठल्या विमानाचा, हे यादीत बघावं लागतं. विमानं विकली जातात, भंगारात जातात, त्यांचे क्रमांक दुसऱ्यांना मिळतात, म्हणून यादी दर आठवड्याला ताजी हवी. घरात इंटरनेट घ्यायला सासरे तयार नव्हते. "ते आलं की माणूस आभाळाकडे बघत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सून दर शनिवारी दुपारी कामावरच्या कॉम्प्युटरवर यादी उतरवून घ्यायची आणि पेनड्राइव्हवरून त्यांच्या लॅपटॉपात भरायची. हातासरशी होणारं काम.

कोर्टाचा निकाल लागला त्या आठवड्यातल्या शनिवारी तिने यादीचं पान उघडलं आणि ती नुसती बसून राहिली. दुःख वगैरे काही नव्हतं. बटण समोर होतं, दाबायचं होतं, हात मांडीवरून उठत नव्हता. त्याच हातांनी सकाळी तिने मेणात चौदा दात बसवले होते, एकही वाकडा नाही. शेवटी तिने जुन्याच यादीच्या मथळ्यावर त्या दिवसाची तारीख टाकली आणि बस पकडली. सासऱ्यांनी मथळा वाचून मान डोलावली. पुढच्या शनिवारी तेच. असे सात शनिवार गेले.

एरवी ही लबाडी सासऱ्यांनी दोन दिवसांत पकडली असती. विमानाच्या शेपटीजवळची अक्षरं ते दुर्बिणीतून घडाघडा वाचत. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि विमान म्हणजे आवाज करत जाणारा पांढरट डाग. पडद्यावरची अक्षरं मोठी करून, वर भिंग धरून ते नोंदी करत. ऑपरेशनचं नाव काढलं की हवापाण्याच्या गप्पा सुरू.

आठव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, तिच्या कामावर त्यांचा फोन आला.

"सूनबाई, मिळाली."

"काय मिळाली, बाबा?"

"म्हातारी. अकरावी."

चार इंजिनांची ती जुनी मालवाहू विमानं मुळात अकराच बनली होती. दहा त्यांच्या वहीत होती, अकरावं एकोणीस वर्षं हुलकावणी देत होतं.

"पावणेआठला गेली, ढगांच्या वरून. आवाज जरा पातळ वाटला, पण उंचावर असेल. यादीत नाव आलं ना. लाल पेनाने लिहिलं मी."

"छान झालं," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने यादी उतरवली. या वेळी हात उठला. अकराव्या विमानाची नोंद पाच आठवड्यांपूर्वीच रद्द झाली होती, ते तोडून भंगारात गेलं होतं. त्याचा क्रमांक आता दोन पंख्यांच्या एका चिमुकल्या विमानाला मिळाला होता.

आपण गप्प बसलो तर बाबांना कधीच कळणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. दातांची छटा निवडताना करायची तसा तिने शांतपणे विचार केला, मेण तापवायचा दिवा विझवला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

सासरे अंगणातच होते. तिने खुर्ची ओढली आणि प्रस्तावना न करता सगळं सांगितलं.

त्यांनी हातातलं भिंग वहीवर ठेवलं. मग म्हणाले, "किती आठवडे?"

"सात."

"म्हणजे कोर्टापासून." हा शब्द त्यांनी तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला. "जमत नाही म्हणाली असतीस तर जुन्या यादीवर भागवलं असतं मी. जुनी आहे एवढं माहीत असलं की झालं. तू तारीख घातलीस. मी पस्तीस वर्षं लिफ्टच्या पाट्यांवर तारखा घातल्या. न तपासता एक नाही घातली."

"चुकलं माझं."

"आता रडू नकोस."

"रडत नाहीये, बाबा."

"हं. तेवढं दिसतं मला अजून."

मग त्यांनी वही पुढे सरकवली. दोघं संध्याकाळपर्यंत बसली. ती नव्या यादीतून एकेक क्रमांक ताडून बघायची, चुकलेली नोंद आली की थांबायची, ते पट्टी लावून रेघ मारायचे. चारशे बारा नोंदींत तेवीस चुका निघाल्या. लाल ओळ सगळ्यात शेवटी आली. त्यांनी पट्टी ठेवली, उचलली, परत ठेवली.

"तू मार," ते म्हणाले.

तिने रेघ मारली. त्यांनी त्या चिमुकल्या विमानाचं नाव विचारून घेतलं आणि खाली निळ्या पेनाने लिहिलं.

निघताना ते दारापर्यंत आले. "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. यापुढे शेपटी माझी मी वाचणार. यादीवर विसंबायचं नाही."

"त्यांना कळवू?" तिने नवऱ्याबद्दल विचारलं.

"त्याला कशाला? तू ये."

बसमध्ये तिला वाटलं, आता काहीतरी भरून येईल, लाज तरी वाटेल. काही आलं नाही. पायांना थोडं गार लागत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात फोन लावला. तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार मिळाला. सोबत कोण असेल, असं तिकडून विचारलं. "मी," तिने सांगितलं, गुरुवारची रजा मांडली आणि अर्धवट राहिलेली खालची कवळी पुढे ओढली.