तिसऱ्या क्रॉसचं कोर्ट

येलहंक्याच्या जुन्या वस्तीतला तिसरा क्रॉस, म्हणजे तिसरी आडवी गल्ली, एवढा अरुंद, की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. पीण्या या औद्योगिक भागातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून वासुदेवराव रोज संध्याकाळी त्या रस्त्यावर बॅडमिंटनची जाळी बांधत. एक टोक आपल्या फाटकाला, दुसरं समोरच्या घरातल्या खिडकीच्या गजाला. स्कूटर आली की जाळी वर उचलायची आणि स्कूटरवाल्यानं मान वाकवून खालून निघून जायचं. यावरून कधी कुणी कुरकुर केली नाही.

त्यांची नात मेघाश्री आणि समोरच्या घरातली सुप्रीता इथंच खेळायला शिकल्या. डोक्यावर तारांचं जाळं, दोन्ही अंगांना भिंती. त्यामुळे दोघींचे फटके खालून, सरळ आणि झपाट्यानं जात.

एकदा मेघाश्रीच्या वर्गातल्या निवेदितानं दोघींना सर्जापूर रोडवरच्या आपल्या अपार्टमेंटमधल्या स्पर्धेला बोलावलं. निवेदिताचे आईवडील पुण्याहून आलेले.

"तुमचं कोर्ट कुठंय गं?" तिनं विचारलं.

"दारात."

निवेदिताला ती थट्टाच वाटली.

रविवारी टेम्पो करून निम्मी गल्ली सर्जापूर रोडला पोचली. तिथलं कोर्ट बंदिस्त, लाकडी फरशीचं, लखलखीत. निवेदिता आणि तिच्या जोडीदारणीशी सामना सुरू झाला आणि पहिला डाव हां हां म्हणता हातचा गेला. शटल कडेला पडत होतं आणि आपल्या पोरी मधेच उभ्या!

वासुदेवरावांनी त्यांना जवळ बोलावलं. "कडेचं का सोडता?"

"आजोबा, तिथं भिंत असते ना!" मेघाश्री रडवेली झाली होती.

वासुदेवरावांना हसू आवरेना. "इथली भिंत पाडली म्हणून समजा. पळा बिनधास्त. मारा मात्र आपल्यासारखं, तारांखालून."

दुसऱ्या डावात पोरी पेटल्या. खालून सुसाट येणारं शटल निवेदिताला दिसेपर्यंत मागे पडलेलं असायचं. "बिडबेड, मेघा!" म्हणजे सोडू नकोस, असा कानडीतून एकच गिल्ला झाला. तो डाव त्यांनी जिंकला, तिसरा मात्र थोडक्यात गेला.

निघताना निवेदिता धापा टाकत टेम्पोपाशी आली. "आजोबा, आम्ही तुमच्याकडे खेळायला येऊ?"

उघडं गटार, लोंबत्या तारा, दारोदारच्या चपला वासुदेवरावांच्या डोळ्यांपुढे आल्या. या लोकांना कुठं बसवायचं? तेवढ्यात टेम्पोतून सुप्रीताची आई ओरडली, "बरलि, बरलि! येऊ दे की!" त्यांचा संकोच पार मावळला.

"येत्या रविवारीच या," ते म्हणाले.

त्या रविवारी सकाळीच सगळ्या गाड्या देवळामागे गेल्या. बायकांनी सडा घातला आणि रांगोळीनं कोर्टाच्या रेघा आखल्या. गच्च्या माणसांनी भरल्या. निवेदिताचे आईवडील ओट्यावर टेकले, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात कॉफी दिली.

"इथं खेळायला आधी बुकिंग नसतं?" तिच्या आईनं विचारलं.

"छे हो! हाक मारली की येतात सगळे," सुप्रीताची आई म्हणाली.

निवेदिता आणि तिची जोडीदारीण जाळीपलीकडे उभ्या राहिल्या आणि खेळ सुरू झाला. निवेदितानं उंच मारलेलं शटल वाऱ्यावर भरकटून गच्चीवर पडलं, दुसरं भिंतीवर आपटून तिच्याच पायाशी आलं. मधेच पेरूची हातगाडी आली. जाळी वर झाली, गाडीवाला खालून पलीकडे गेला आणि तिथंच थांबून खेळ बघू लागला. निवेदिता हसून हसून खालीच बसली. मेघाश्री आणि सुप्रीतानं दोन्ही डाव मारले.

"परत एकदा!" निवेदिता म्हणाली. "पण आता मेघा माझ्या बाजूला."

तिचे वडील घड्याळ बघत होते. तिच्या आईनं मात्र पायातल्या चपला काढल्या आणि सुप्रीताकडे रॅकेट मागितली.

वासुदेवराव स्टुलावर चढले. या रस्त्यावर त्यांची उभी हयात गेली होती, पण आपण कुठं राहतो हे कुणाला सांगताना आवाज इतका मोकळा सुटावा, असं कधी झालं नव्हतं. हात उंचावून त्यांनी पुकारलं, अगदी बसस्टॉपवरच्या माणसांनीही वळून बघावं असं : "तिसऱ्या क्रॉसचा सामना सुरू!"