पंधराव्या मिनिटाची घंटी

मी टेबलावरची घंटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरचीही नव्हे. वरचं बटण दाबलं की टिंग करणारी, पितळी, वाटीएवढी. माझी पहिली नोकरी एका लॉजच्या काउंटरवर होती. तिथे मी वाजले की माणसं धावत यायची. लॉज बंद पडलं आणि मॅनेजरने मला आपल्या बहिणीला देऊन टाकलं. तेव्हापासून मी वाजले की माणसं खाली बसतात.

ही बहीण म्हणजे ताई. परागकणांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची एक संस्था आहे, तिचं दरवर्षी अधिवेशन भरतं. ताई तिथली स्वयंसेविका. सभासदांना पत्रं धाडायची, बिल्ले वाटायचे, खुर्च्या मांडायच्या आणि भाषणांची वेळ पाळायची. बाराव्या मिनिटाला एकदा टिंग, पंधराव्याला दोनदा. मग समोर कुणी का असेना. एकदा तर तिने खुद्द अध्यक्षांना मधेच गप्प केलं होतं. "पगार कुणी देत नाही, मग भ्यायचं कुणाला?" असं ती म्हणायची.

निवृत्त होण्याआधी ती याच संस्थेतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या, म्हणजे सरांच्या, प्रयोगशाळेत सहायक होती. नऊ वर्षं रोज सकाळी गच्चीवर जाऊन तिने हवेतले परागकण टिपणारी चिकट काचपट्टी बदलली, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजला. कोणत्या महिन्यात हवेत कोणते परागकण असतात, त्याचा तक्ता तिनेच केला. तो आता दम्याच्या दवाखान्यांत भिंतीवर असतो. खाली नाव मात्र एकट्या सरांचं. ताई त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. पण दवाखान्यात आपण त्या तक्त्याकडे पाठ करून बसतो, असं एकदा ती भावाला फोनवर म्हणाली. तेव्हा कुठे मला तिच्या मनातलं कळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या अधिवेशनात, चहाच्या सुट्टीत सर तिच्या टेबलापाशी आले. खूप थकले होते.

"ताई, आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. तक्ता कुणाचा ते."

ताईने कप खाली ठेवला. "वेळेत बोला म्हणजे झालं, सर."

मग किती तरी वेळ ती मला पदराने पुसत बसली होती.

त्याच सकाळी तिने एका विद्यार्थिनीला पंधराव्या मिनिटाला थांबवलं होतं. बिचारीचा निष्कर्षच सांगायचा राहिला. डोळ्यांत पाणी आणून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

सर उभे राहिले. जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या आठवणी काढल्या, पाहुण्यांचे आभार मानले, पडद्यावर एक चित्र उलटं लागलं ते सरळ करण्यात दोन मिनिटं घालवली. मी एकदा वाजले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी त्यांनी खिशातून एक कागद काढला.

"तक्त्याबद्दल एक सांगायचं राहिलंय. तो मी..."

पंधरा मिनिटं झाली होती. ताईचं बोट माझ्यावर होतं. दाबू नकोस गं बाई, असं मी जीव तोडून म्हणत होते. तिने एकदा त्या विद्यार्थिनीकडे पाहिलं आणि मला दोनदा दाबलं.

"ताई, एकच मिनिट," सर म्हणाले.

"वेळ झाली, सर."

सभागृह हसलं. सरांनी कागदाची घडी घातली. जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी सुरुवातीलाच सांगतो."

पुढच्या वर्षी सर नव्हते. अध्यक्षांनी सगळ्यांना उभं केलं. "दोन मिनिटं शांतता पाळू. ताई, वेळ झाली की घंटी द्या."

दोन मिनिटं झाली. ताईने मला दाबलं नाही. लोक पाय बदलू लागले, कुणी तरी खोकलं. अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताई, वेळ झाली ना?"

"सरांचं एक मिनिट बाकी आहे," ताई म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. पण सगळे उभे राहिले. मिनिट संपलं तेव्हा तिने मला इतकं हलकं दाबलं की मागच्या रांगेपर्यंत माझा आवाज पोचलाही नसेल.

त्यानंतर तिने ते काम सोडलं. आता पडद्यावरच उरलेल्या वेळेचे आकडे उलटे धावतात आणि मी उरलेल्या बिल्ल्यांबरोबर कपाटात पडून आहे. माझं मला काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तक्त्यावर अजून ते एकच नाव आहे, आणि ताई स्वतःहून कधी बोलायची नाही. म्हणून तुम्हाला सांगते. दवाखान्यात तो तक्ता दिसला, तर क्षणभर त्याच्यासमोर थांबा. तो ताईने केलाय.