सतरा वह्यांना एकेचाळीस गुण

माझा धाकटा कामावर असताना मला आई म्हणत नाही. "अर्जदार बाईंनी इथं बसावं," असं तो माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. त्याच सकाळी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण मी लावून दिलं होतं. थोरला उघडउघड उद्धट आहे, त्याचं मला काही वाटत नाही. हा मात्र सभ्यपणानं जीव घेतो.

विद्यापीठाच्या लायब्ररीत जुनी कागदपत्रं संगणकात चढवायचं खातं आहे, त्याचा हा प्रमुख. कुणीही उठून म्हटलं, माझे कागद चढवा, की चढवले, असं होत नाही. अर्ज करायचा, मग समिती बसते आणि गुण देते. अशी वस्तू दुसरीकडे कुठं आहे का, कागद किती टिकेल, त्यावरचं वाचता येतं का, आणि आजवर किती जणांनी ती बघायला मागितली. शंभरात साठ पडले तर पानापानाचे फोटो निघतात. नाहीतर तीन वर्षं पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

माझा अर्ज सतरा वह्यांचा होता, अकरा वर्षांपासून त्या लायब्ररीतच एका खोक्यात पडून आहेत. माझी आई सुईण. तिला अक्षर येत नव्हतं, पण दुकानातल्या पुड्यांचे कागद दोऱ्यानं शिवून तिनं वह्या केल्या आणि चाळीस वर्षं एकेक बाळंतपण पेन्सिलीनं मांडलं. गोल म्हणजे जिवंत मूल. मेलेलं जन्मलं तर भरीव ठिपका. शेपूट काढलं की मुलगी. खाली आडवी रेघ असली की बाळंतीणही गेली. शेजारी घराची खूण, शिंप्याची कात्री, लोहाराची हातोडी. मेलेल्या जन्मलेल्या मुलांची नोंद तेव्हा कुठल्याही कचेरीत होत नव्हती. ती तेवढ्या वह्यांतच आहेत. अकराव्या वहीत सुताराच्या करवतीशेजारी शेपटीचा एक ठिपका आहे. सुतार म्हणजे माझा नवरा. ती माझी पहिली, थोरल्याच्याही आधीची. ती होऊन गेली याला दुसरा पुरावा नाही.

लायब्ररीत पुस्तकांची डागडुजी करणारी बाई मला महिन्यापूर्वीच म्हणाली होती, "आजी, हे कागद वाळक्या पानासारखे झालेत. अजून एकदा उघडतील. त्यानंतर उघडाल तर भुकटी हाती येईल." माझ्या डाव्या डोळ्याचं दुकान बंद झालंय, उजव्यालाही डॉक्टर दोन वर्षांच्या वर देत नाहीत. तेव्हा तीन वर्षं थांबायला कागदही तयार नव्हता आणि मीही.

समितीत चौघं. मुख्य ग्रंथपाल बाई, इतिहासाचे प्राध्यापक, फोटोच्या यंत्रावर काम करणारा आणि माझा धाकटा. माझी फाइल उघडली तसा धाकटा उठला. "माझं नातं आहे, मी बाहेर थांबतो," म्हणाला. ज्याचं नातं त्यानं बाहेर थांबायचं, तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा नियम. काचेच्या दारातून तो पाण्याच्या नळाशी उभा दिसत होता, हात मागे बांधून, मास्तरांनी वर्गाबाहेर काढल्यासारखा.

मी खुणा समजावून सांगितल्या. प्राध्यापक माणूस भला, मान हलवत ऐकत होते. "आजी, हे तुम्हाला वाचता येतं. तुमच्यामागे कोण वाचणार?"

मी दाराकडे बोट केलं. "तो. आजीच्या मांडीवर बसून त्यानं या खुणा घोकल्यात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "त्यांना विचारता येणार नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"बरं, मग मेल्यावर मीच येऊन वाचून दाखवीन."

यंत्रवाला हसला. "काम दोन दिवसांचं आहे," तो बाईंना म्हणाला. बाई म्हणाल्या, काम किती दिवसांचं हा प्रश्नच नाही. मागणीच्या रकान्यावर त्यांनी पेन टेकवलं. "अकरा वर्षांत एकानंही हे खोकं बघायला मागितलं नाही."

"आत काय आहे हे ठाऊक नसताना कोण मागेल?"

"आमची यादी असते ना. खोक्यावर असतं तेच यादीत. लोक ते वाचून मागतात."

"काय आहे खोक्यावर?"

त्यांनी खोकं माझ्यापुढे सरकवलं. मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले. हळू वाचते, पण वाचते. 'घरगुती टिपणं. वाचता न येणारी. लिहिणारं कोण, माहीत नाही. वह्या सतरा.'

अक्षर उजवीकडे उतरणीला लागलेलं. ते सरळ व्हावं म्हणून मी त्या बोटांवर पट्टी मारली आहे. खोकं अकरा वर्षांपूर्वी धाकट्यानंच घरातून खांद्यावर घालून नेलं होतं.

तिथं बोलले असते तर कदाचित मागणीचा रकाना त्यांनी बाजूला ठेवला असता. पण पोटच्या पोराचं परक्यापुढे उघडं करायचं माझ्याच्यानं होईना. जीभ एवढी धारेची, आणि नेमकी त्या दिवशी म्यान केली. एकेचाळीस गुण पडले. माझ्या आधीची फाइल एका जुन्या कुलगुरूंच्या छापील भाषणांची होती, तिला अठ्ठ्याऐंशी. ती दरवर्षी कुणीतरी मागतं म्हणे.

मी बाहेर आले. धाकटा नळाशीच होता.

"किती?"

"एकेचाळीस."

"मागणीत गेले असणार. तीन वर्षांनी परत अर्ज टाकू आपण."

"खोक्यावर तू लिहिलंस."

त्यानं वाहत नसलेला नळ घट्ट बंद केला. "मला नोकरीला लागून महिना झाला होता, आई." आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून आई. "तिथं एकाचा आजोबा वकील, दुसऱ्याचा डॉक्टर. माझी आजी दारोदार बाळंतपणं करायची हे कुठं लिहू? पुढं बदलणार होतो."

"अकरा वर्षं झाली."

"मग प्रमुख झालो ना. घरच्या खोक्याला हात लावला असता तर लोक म्हणाले असते, बघा, खुर्ची मिळाली आणि आपलंच आधी."

"म्हणजे आधी लाज आडवी आली, मग अब्रू."

तो थोडा जवळ सरकला. "तू आत सांगितलंस का, की ते माझं अक्षर आहे?"

"नाही."

त्यानं श्वास सोडला. खांदे खाली आले, तोंडावर रंग आला. वह्या गेल्या हे ऐकून त्याचा चेहरा एवढा हलला नव्हता. घरी जाऊन बोलायचं मी ठरवलं होतं, पण तो श्वास ऐकला आणि मला घरापर्यंत थांबवेना. आतली तिघंही दार उघडून बाहेर येत होती. मी आवाज खाली घेतला नाही.

"तुझ्या बहिणीचा ठिपका तुझ्या आजीनं स्वतःच्या हातानं काढला. आत तिची लेक ओरडत होती, नात मेलेली निघाली. माझं नातं आहे, मी बाहेर थांबते, असं ती म्हणाली नाही. आणि तू इथं तासभर उभा राहून उगाच पाय दुखवून घेतलेस. ज्याचं नातं त्यानं बाहेर थांबायचं, हाच नियम ना तुमचा? मग तू खुशाल आत बसायचंस. त्या खोक्यात तुझं कुणी नाही. तसं तू स्वतःच लिहून दिलंयस."